बहार धरण्याचे काम

उष्ण प्रदेशातल्या फळबागेत वसंताचे काम थंडीतच, पाणी तोडण्यापासून सुरू होते. हिमाचल किंवा काश्मीरमधल्या सफरचंदाला झोपवावे लागत नाही. थंडी वाढते, पाने गळतात, डोळे मिटतात. सात अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीचे ठरावीक तास, जुन्या वाणांच्या बाबतीत हजाराच्या आसपास, पुरे झाले की ऊन तापताच झाड आपोआप फुलते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या झाडांना अशी सक्तीची झोप मिळत नाही. संत्रा, मोसंबी, लिंबू, पेरू, डाळिंब ही झाडे पाणी आणि ऊब मिळत राहिली तर वाढतच राहतात. थोडी नवती येते, थोडी फुले लागतात, थोडी फळे पिकतात, आणि हे बाराही महिने तुरळक चालू राहते. एकाच फांदीवर कळी, हिरवे फळ आणि पिकले फळ एकत्र दिसणे डोळ्यांना सुखावते. पण त्यातून धड तोडा मिळत नाही आणि झाडालाही कधी उसंत मिळत नाही. म्हणून इथे झाडाची विश्रांती माणसाने ठरवायची असते. झाड कधी थांबवायचे आणि कधी जागे करायचे, या दोन निर्णयांवर बागेचे पुढचे सगळे वर्ष उभे राहते. यालाच बहार धरणे म्हणतात.

बहार तीन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, आंबा मोहोरण्याच्या दिवसांत येतात. मृग बहाराची जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर. आणि हस्त बहाराची सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस परतू लागल्यावर. नागपुरी संत्र्याचा आंबिया दिवाळीच्या पुढेमागे तोडणीला येऊ लागतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. हस्ताची फळे ऐन उन्हाळ्यात हाती येतात. कागदी लिंबाला एप्रिल-मे महिन्यांत जो भाव मिळतो, तो याच बहाराच्या फळाला. पुरंदर तालुक्यातल्या अंजिराच्या बागांत दोनच बहार धरले जातात, पावसाळ्यातला खट्टा आणि मार्च-एप्रिलमध्ये पिकणारा मीठा. दमट हवेत पिकणाऱ्या फळात साखर कमी उतरते, कोरड्या उन्हात ती भरून येते. अंजिराचे झाड तेच, जमीन तीच, फरक फक्त धरलेल्या हंगामाचा. या सगळ्या पिकांना लागू पडणारा नियम एकच आहे: एका झाडावर वर्षात एकच बहार. दोन धरले तर दोन-तीन वर्षे पैसे जास्त येतात आणि नंतर झाड फांद्या वाळवत बसते.

कोणता बहार धरायचा याचा विचार बाजारभावापासून सुरू करण्याचा मोह मोठा असतो. अनुभवी माणूस तो विहिरीपासून सुरू करतो. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा विहिरीला पाणी असते आणि सगळे सोपे वाटते. पण गोटीएवढी झालेली ती फळे झाडावर असताना एप्रिल-मे काढायचे असतात. विदर्भात त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडाला ठिबकनेसुद्धा रोज शंभर लिटरच्या पुढे पाणी लागते. नेमक्या त्याच वेळी विहीर तळ दाखवते. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी भागात याचे परिणाम उघड दिसतात. संत्र्याच्या बागा वाढल्या, बोअरवेल खोल खोल गेल्या, भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला, आणि कमी पावसाच्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात उभ्या बागा वाळण्याची वेळ आली. मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी लागत नाही, उलट पाणी तोडलेलेच हवे असते; म्हणून कमी पाण्याच्या गावांत मृगावर भिस्त असते. पण मृगाचा भरवसा आभाळावर. मेच्या मध्यावर वळवाचा जोरदार पाऊस पडला तर ताण अर्धवट तुटतो. जून कोरडा गेला तर ताणलेले झाड फुलायचे सोडून वाळू लागते. दोन्हीपैकी कोणताच बहार निर्धोक नाही. तरीही दिवाळीनंतर विहिरीची पातळी पाहावी, मेअखेरपर्यंत पाणी पुरेल अशी खात्री असेल तरच आंबिया धरावा, आणि पाणी अर्ध्याच बागेला पुरणारे असेल तर अर्ध्याच बागेवर धरावा, हा हिशोब आजवर चुकीचा ठरलेला नाही.

निर्णय झाला की बाग ताणावर सोडतात. ताण किती दिवस द्यायचा हे तारीख सांगत नाही, जमीन सांगते. मुरमाड, हलक्या जमिनीत पाणी तोडल्यावर महिनाभरात झाड ताणावर येते. मध्यम काळ्या जमिनीला दीड ते दोन महिने लागतात. खोल, भारी काळ्या जमिनीत वरचा थर भेगाळला तरी खाली ओल टिकून राहते. मुळे ती शोधून घेतात आणि ताण बसतच नाही. अशा बागेत क्लोरमेक्वाट क्लोराईडसारखे वाढरोधक फवारून काम भागवले जाते. त्याने फुले येतात, पण मूळ अडचण तशीच राहते, कारण पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत पावसाळ्यात याच झाडांची मुळे कुजतात. खोल काळ्या जमिनीत संत्रा लावूच नये, लावलाच तर आधी चर काढून निचऱ्याची सोय करावी, हा जुन्या बागाईतदारांचा सल्ला औषधापेक्षा जास्त कामाचा आहे.

ताणात झाडाच्या आत जे घडते ते समजून घेतल्यावर बाहेरची लक्षणे वाचता येतात. मुळांना पाणी मिळेनासे झाले की शेंड्याची वाढ थांबते. पाने मात्र उन्हात अन्न तयार करीतच असतात. वाढीवर खर्च न होणारे हे अन्न फांद्यांत साठू लागते, वाढीला चालना देणाऱ्या जिब्रेलिनचे प्रमाण घटते, आणि डोळ्यांत पालवीऐवजी फुलाची घडण सुरू होते. लिंबूवर्गीय झाडांना थंडीही याच दिशेने नेते. म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या आंबियाला ताण आणि थंडी अशी दोन्हींची मदत होते. मृगाला फक्त ताणावर, तोही वैशाखाच्या उन्हात, भागवावे लागते. बाहेरून पाहता सुरुवातीला सकाळी झाड ताजे असते आणि दुपारी पाने मलूल होतात. पुढे ती सकाळीही मलूल दिसू लागतात. गडद हिरवा रंग फिकट, पिवळसर होतो. मग पाने गळायला लागतात. साधारण पाव हिस्सा पाने गळाली की ताण पुरा झाला. निम्मी पाने गळेपर्यंत थांबले तर फूल भरघोस येते, पण फळ धरून ठेवायला झाडात काही उरलेले नसते. हे ओळखायला यंत्र नाही. रोज एकदा, शक्यतो सकाळीच, बागेतून फिरावे लागते आणि बांधावरून नव्हे तर ओळींमधून फिरावे लागते, कारण एकाच बागेत उताराकडची झाडे लवकर ताणतात आणि सखल भागातली आठ-दहा दिवस मागे राहतात. ज्या झाडांवर मृगाची फळे लटकत आहेत त्यांचे पाणी या दिवसांत तोडता येत नाही. दोन बहार मिसळलेल्या बागेत म्हणूनच कोणताही ताण नीट बसत नाही.

ताणाचे दिवस रिकामे नसतात. मजुरांच्या दृष्टीने बागेतले सर्वांत जास्त काम याच काळात असते. आधी सल काढली जाते. सल म्हणजे झाडातल्या वाळलेल्या फांद्या. त्या हिरव्या भागाचा एखादा बोटभर तुकडा घेऊन कापायच्या, म्हणजे रोग आत उतरत नाही, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. खोडातून सरळसोट उठलेले पाणसोट मुळाशी काढायचे. ते अन्न खातात आणि फळ देत नाहीत. ओळींमध्ये हलकी वखरणी करून तण मारायचे. ही वखरणी उथळच हवी, संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात. हलक्या जमिनीत पूर्वी मुळे उघडी करून उन्हे दाखवण्याची पद्धत होती. आता ती मागे पडली आहे, आणि ते बरेच झाले, कारण उघड्या पडलेल्या मुळांना झालेल्या जखमांतून बुरशी शिरते.

बोर्डो पेस्ट हे या बागांतले सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त औषध आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. मोरचूद वेगळे भिजवायचे, चुना वेगळा भिजवायचा, भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यायची, लोखंडाची कधीच नाही; मग दोन्ही एकत्र ढवळायची. मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी घासलेला विळा त्यात बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ही पेस्ट वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, लावली तर डिंक्या रोग दूर राहतो. डिंक्या म्हणजे फायटोप्थोरा बुरशीने साल कुजून खोडातून डिंक वाहणे. एकदा खोडाला वेढा पडला की झाड गेले. ज्या बागांत खोडाला पाणी लागते तिथे तो हमखास येतो. म्हणून आळे दुहेरी करायचे, आतल्या कड्यात खोड कोरडे ठेवायचे आणि बाहेरच्या कड्यात पाणी सोडायचे. ठिबकच्या नळ्याही खोडाजवळून न नेता पानांच्या घेराच्या आतल्या बाजूने, झाडाभोवती कडे करून अंथरायच्या.

मकरसंक्रांतीच्या सुमारास ताण तोडतात. त्याआधी शेणखत, मोठ्या झाडाला ५० किलोच्या हिशोबाने, निंबोळी पेंड आणि रासायनिक खताचा पहिला हप्ता बाहेरच्या कड्यात मिसळून घेतात. नत्राचा अर्धा भाग आता, अर्धा फळे धरल्यावर. पहिले पाणी हलके द्यायचे, त्याला आंबवणी म्हणतात. आठवड्याने दुसरे, थोडे जास्त, ती चिंबवणी. त्यानंतर नियमित पाळ्या. पहिल्याच दिवशी आळी तुडुंब भरण्याची घाई इथे सर्वांत महाग पडते. महिनाभर तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाले की ते पालवीकडे वळते. हिरवीगार नवती येते आणि फुलाचा पत्ता नसतो. पाणी हलके आणि टप्प्याने दिले तर वसंत पंचमी ते महाशिवरात्र या दिवसांत बाग पांढरी होते आणि फुलांचा वास रस्त्यापर्यंत येतो. पूर्ण फुलात कोणतेही कीटकनाशक फवारू नये. मधमाश्यांसाठी तर नकोच, फुलांच्या नाजूक भागांनाही ते सोसत नाही.

फुलासोबतच नवतीही येते, आणि कोवळ्या पानांवर सिट्रस सायला, मावा, पाने पोखरणारी अळी आणि काळी माशी यांची गर्दी होते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पाने-फळे काजळी धरल्यासारखी होतात. विदर्भात हा कोळशी रोग. मोहोर डोळे फोडत असताना, म्हणजे पूर्ण फुलाच्या आधी, आणि फुले संपल्यावर लगेच अशा दोन वेळा साधल्या तर पुढच्या अनेक फवारण्या वाचतात.

मग येते गळ, आणि नव्या बागाईतदाराची झोप उडते. झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा आणि मोहरीएवढ्या फळांचा सडा पडतो. यातली बरीचशी गळ झाडाच्या हिताची असते. संत्र्याच्या शंभर फुलांतून शेवटी एखाद-दोन फळे टिकली तरी झाड भरलेले दिसते. काळजी करायची ती एप्रिल-मेमधल्या गळीची. पाण्याच्या दोन पाळ्यांत जास्त अंतर पडले, किंवा कोरड्या आळ्यात एकदम भरपूर पाणी सुटले, की दोन-तीन दिवसांत लिंबाएवढी हिरवी फळे गळतात. त्यावर १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिब्रेलिक आम्ल आणि एक किलो युरिया अशी फवारणी करतात. उपयोग होतो, पण पाण्यातली अनियमितता फवारणीने भरून निघत नाही. रोज थोडे आणि ठरल्या वेळी, शक्य तर रात्री किंवा पहाटे, हे पाण्याचे वेळापत्रक ज्या बागेत पाळले जाते तिथे गळीची चर्चा कमी असते.

डाळिंबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला ताणासोबत पानगळही करावी लागते. पाणी तोडून झाड ताणावर आणायचे, मग इथेफॉन फवारून उरलेली पाने पाडायची, हलकी छाटणी करायची आणि खत देऊन पाणी सोडायचे. डाळिंब कोणत्याही हंगामात फुलायला तयार असते, त्यामुळे बहार निवडण्याचे स्वातंत्र्य इथे सर्वांत जास्त होते. हे स्वातंत्र्य तेल्या रोगाने काढून घेतले. झँथोमोनास जिवाणूमुळे होणारा हा रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडाझाडावर जातो, फळावर तेलकट डाग पडून ते तडकते. जिथे तेल्या ठाण मांडून बसला तिथे मृग बहार सोडून कोरड्या हवेतल्या हस्त बहाराकडे वळण्याची शिफारस सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने केली. तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्यावी, हीही शिफारस तितकीच महत्त्वाची आहे आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त मोडली जाते. भाव चांगला असला की लागोपाठ बहार धरण्याचा मोह आवरत नाही, आणि मर रोगाने ओळीच्या ओळी मोकळ्या झालेल्या बागा बहुधा अशा थकलेल्या बागाच असतात. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये निवडलेला पेरूचा सरदार वाण आणि १९३६ मध्ये निवडलेला डाळिंबाचा गणेश वाण, या दोघांनी महाराष्ट्राच्या कोरड्या भागाला फळबागेचा विश्वास दिला. पुढे भगवा आला आणि गणेश मागे पडला. वाण बदलले तरी विश्रांतीचा नियम तोच राहिला.

द्राक्षाच्या वेलीने तर उष्ण हवामानात आपले वर्षच बदलून घेतले आहे. युरोपात ती हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, शरदात पिकते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. नाशिक, सांगली, सोलापूरमध्ये ती झोपत नाही, म्हणून तिला दोनदा छाटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरले की वेलीला काही आठवडे मोकळे सोडतात आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतात. वेलीच्या आडव्या ओलांड्यावरच्या काड्या एखादा डोळा ठेवून सगळ्या उतरवल्या जातात. छाटलेली बाग काही दिवस उजाड दिसते. ज्याने ती प्रथमच पाहिली त्याला ऐन उन्हाळ्यात वेली अशा बोडक्या करणे क्रूर वाटते. पंधरवड्यात फुटी निघतात. या फुटींवर घड घ्यायचा नसतो, काडी तयार करायची असते. फुटींची विरळणी, सात-आठ पानांवर शेंडा खुडणे, बगलफुटीतून सबकेन, म्हणजे उपकाडी, तयार करणे, काड्या तारेवर एकमेकींवर सावली पडणार नाही अशा बांधणे, ही कामे मे महिन्याच्या उन्हात चालतात. छाटणीनंतर सुमारे चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या, म्हणजे गोडी छाटणीनंतर जो घड दिसतो, तो प्रत्यक्षात या दिवसांतच ठरलेला असतो. त्याला भरपूर सूर्यप्रकाश लागतो. खरड छाटणी मेपर्यंत लांबली तर हा काळ जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतो आणि डोळे वांझ राहतात. गोडी छाटणीच्या आधी बागाईतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर कात्री चालवायची ते ठरवतात. पण त्या वेळी फक्त पाहता येते. काही घडवायचे असेल तर ते एप्रिल ते जूनमध्येच.

कोकणातल्या हापूसवर माणसाची इतकी सत्ता चालत नाही. जांभ्याच्या कातळावर, अनेकदा सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत वाढलेल्या या कलमांना पाणी तोडून ताण देण्याचा प्रश्नच नसतो. पावसाळा संपला की ताण आपोआप बसतो. मोहोर येतो तो जून झालेल्या काडीवर, रात्रीचा गारवा पडल्यावर. ज्या काडीला पावसाळ्याच्या शेवटी पालवी फुटली ती त्या वर्षी मोहोरत नाही, आणि हापूस एक वर्षाआड धरतो याचे मोठे कारण हेच. जुलै-ऑगस्टमध्ये पॅक्लोब्युट्राझोल मुळाशी देऊन वाढ रोखण्याची पद्धत आल्यापासून दरवर्षी उत्पन्न घेणे शक्य झाले. मात्र खत आणि छाटणीची जोड न देता ते वर्षानुवर्षे वापरलेल्या बागांत झाडे खुजी आणि थकलेली दिसतात. फाल्गुनातली कोकणातली खरी चिंता पुनर्मोहोराची असते. मोहोर येऊन वाटाण्याएवढी फळे धरलेली असताना पुन्हा थंडीची लाट आली तर त्याच काडीवर दुसरा मोहोर फुटतो आणि अन्नाच्या ओढाताणीत आधीची फळे गळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगितली आहे. फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा दिले तर गळ कमी होते आणि फळ मोठे होते. तोडणीच्या महिनाभर आधी हे पाणी थांबवायचे असते. फळ चौदा आणे तयार झाले की देठासह, झेल्याने, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर काढतात. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि पेटीतला सगळा आंबा डागाळतो.

या महिन्यांवर गारपिटीचे सावट असते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिने तोडणीला आलेली द्राक्षे, डाळिंबे, संत्री काही मिनिटांत मातीत मिळवली. गारा पडून गेल्यावर माणसाच्या अंगातले त्राण जाते, पण नेमके तेव्हाच काम करावे लागते. जमिनीवरची फुटलेली फळे गोळा करून बागेबाहेर पुरायची, मोडून लोंबणाऱ्या फांद्या साफ कापायच्या, आणि सालीला झालेल्या जखमांतून रोग शिरण्याआधी, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारायचे. जिवंत दिसणारी फांदी घाईने तोडू नये. महिन्याभरात कोणत्या फांदीला फूट येते ते पाहून मगच हलकी छाटणी करावी. पहिल्या आठवड्यात लक्ष दिलेली बाग पुढच्या हंगामात सावरते.

लहान झाडांचा वसंत निराळा असतो. त्यांना बहार नको असतो, ताणही नको. त्यांना फक्त मेच्या पलीकडे जायचे असते. एक-दोन वर्षांच्या कलमाला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून सावली करतात, तुऱ्हाट्या, बोरूची ताटी किंवा शेडनेट, जे हाताशी असेल ते. आळ्यात गवत, पालापाचोळा किंवा उसाचे पाचट चार-पाच बोटे जाड अंथरले की पाण्याच्या पाळ्यांतले अंतर वाढवता येते. वाळवी असलेल्या जमिनीत मात्र आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे. पाणी फारच कमी असेल तिथे खोडाच्या दोन बाजूंना मातीची मडकी पुरतात, बुडाच्या छिद्रात वात बसवतात आणि आठवड्यातून एक-दोनदा मडकी भरतात. पाणी मुळांशी झिरपत राहते, वाफ होऊन जात नाही. पानांतून होणारे बाष्पीभवन कमी करण्यासाठी आठ टक्के केओलीनची फवारणीही दुष्काळी वर्षांत उपयोगी पडते. या सगळ्यांत आच्छादन सर्वांत स्वस्त आहे आणि तरीही बांधावर पालापाचोळा जाळताना माणसे दिसतात, याचे फार वाईट वाटते.

नव्या लागवडीची तयारीही याच उन्हात होते. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली तेव्हापासून वैशाखात माळरानावर खड्डे घेणाऱ्या टोळ्या गावोगावी दिसू लागल्या आणि वरकस जमिनीवर आंबा, काजू, बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. आंब्याला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतात. डाळिंबाला साठ सेंटिमीटरचा पुरतो. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकायची आणि खड्डा महिनाभर तसाच तापू द्यायचा, म्हणजे किडींचे कोष आणि बुरशी उन्हाने मरतात. मग तळाशी पालापाचोळा, त्यावर वरची माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा जमिनीच्या थोडा वर येईपर्यंत भरायचा. पहिल्याच पावसात रोप लावू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन भरलेली माती खाली बसली की लावावे, नाहीतर रोप मातीबरोबर खचते आणि कलमाचा जोड जमिनीत जातो. जोड जमिनीच्या वीतभर वर राहिला पाहिजे. संत्र्यात तो बुजला तर डिंक्याची बुरशी थेट संत्र्याच्या सालीला भिडते.

कलमे लवकर फुलतात. आंब्याचे कलम दुसऱ्याच वर्षी मोहोर दाखवते, डाळिंब त्याहूनही आधी. तो मोहोर घरच्यांना कौतुकाचा वाटतो आणि खुडायला हात धजत नाही. तरीही तो खुडायलाच हवा. आंब्यावर पहिली तीन-चार वर्षे आणि डाळिंबावर पहिली दोन वर्षे फळ घेऊ नये, आणि संत्र्याचा पहिला बहार पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आधी धरू नये.